नकाशावरची हिरवी गल्ली

भीमरावकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मी पुराचेच नकाशे रंगवत होते. आधी मनात आलं ते दुःख नव्हतं. आता आपलं पितळ उघडं पडणार, असं वाटलं. लिहायलाही लाज वाटते, पण झालं तसंच.

काका तंजावरकडच्या मराठी घरातले, सर्व्हे खात्यातून निवृत्त होऊन वेलचेरीत राहणारे. आमच्या नकाशासाठी ते दारोदार फिरून विचारायचे, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? कुणी गुडघा दाखवी, कुणी खिडकी. काका तिथवर मोजून आकडा पाठवायचे. मी नाशिकची, माझ्या पुस्तकी मराठीची ते खुशाल टिंगल करायचे.

त्यांच्या स्वतःच्या गल्लीतले आकडे मात्र उपग्रहाच्या माहितीशी जुळेनात. काका म्हणत कमरेइतकं पाणी, संगणक म्हणे गल्ली उंचावर. नकाशा द्यायची घाई होती. मी काकांचे आकडे चुकीचे ठरवून काढून टाकले आणि गल्लीला सुरक्षित म्हणून हिरवा रंग दिला.

"एकदा येऊन पाह की, अम्मा," ते मला म्हणाले, लेकीला म्हणावं तसं.

"काका, वेळ कुठंय? आणि उपग्रह कशाला खोटं बोलेल?"

"सरी..." तमिळमध्ये 'बरं', एवढंच म्हणाले.

उपग्रहाने झाडांचे शेंडे आणि गच्च्याच जमीन म्हणून मोजल्या होत्या. हे तपासणं माझं काम होतं. शेअर ऑटोत बसून गेले असते तरी कळलं असतं.

यंदा पाणी चढू लागलं तेव्हा शेजारी निघाले, काका निघाले नाहीत. "आपली गल्ली हिरवी आहे," असं काकूंना म्हणाले. मग कितीतरी तास दोघं कमरेइतक्या पाण्यात उभी... काकांना न्यूमोनिया झाला, त्यातून ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर जाऊन मी काकूंना सगळं सांगितलं. आतून काकांची वही आणून त्यांनी माझ्या हातात दिली. मी आकडे काढून टाकल्यावर काकांनी गल्लीतलं घर न् घर पुन्हा मोजलं होतं. आकडे तेच. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "माझी टेप बिघडली असावी. नवी घेणे."

नवी टेप कपाटात होती, वेष्टनही न काढलेली. काकू म्हणाल्या, "आता तूच मोज."

त्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओलसर होती. मी वाकून मोजलं. काकांचाच आकडा आला.