दोन तोकडे, एक लांब

भूतबीत काही नसतं, सगळा मनाचा खेळ – हे मी चारचौघांत ठणकावून सांगायचे. अजूनही सांगते, पण आवाज जरा खाली आलाय...

साधारण २००१ची गोष्ट. आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो. आई नाशिकचीच, बाबा चिपळूणकडच्या खाडीपलीकडचे. भाजीबाजारातून आले की पिशव्या वर न्यायला हाक मारायचे, तीही खालून कुकारा घालून! कोकणात पलीकडची होडी बोलवायला घालतात तसा, पण खास त्यांच्या चालीत – दोन तोकडे, एक लांब. गल्ली हसायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ते गेले. "अस्थी माझ्या खाडीत सोडा," एवढंच मागितलं होतं त्यांनी. गुरुजी म्हणाले, "अहो, जग अस्थी घेऊन रामकुंडावर येतं, आणि तुम्ही इथून बाहेर नेताय?" त्यात पोचायचं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दहावा, अस्थी त्याआधी सोडायलाच हव्यात. तिकडे विमान जातच नव्हतं. दादरपर्यंत एक गाडी, पुढे कोकणची दुसरी – ती रखडत रखडत – मग एसटी. कलश खाली ठेवायचा नसतो, म्हणून आईने तो सगळी वाट मांडीवर धरला. माझा जीव नुसता खालीवर.

खाडीवर उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. काठावर चिटपाखरू नाही, होडी पलीकडे. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षाची वाट बघावी तशा आम्ही मुकाट उभ्या! हाक मारायची असते हे सुचलंच नाही... तिथे आजवर हाक बाबाच मारायचे. अंधार पडला की होडी सुटत नाही. एवढंसं मागणं, तेही आपल्याच्याने होत नाही, म्हणून मला रडू फुटलं.

...आणि होडी निघाली. सरळ आमच्याकडे.

होडीवाला म्हातारा इकडेतिकडे बघत म्हणाला, "कुकारा घातलान तो मानूस कुठं गेला?"

"कुणीच नाही घातला. आम्ही दोघीच आहोत."

"आसं कसं? मगाशी घातलान की! दोन तोकडे नि येक लांब. लय वर्सांनी आयकला. थांबू काय त्याच्यासाटी?"

आम्ही तर काहीच ऐकलं नव्हतं! आईने मात्र कलश छातीशी धरला आणि होडीत पाय ठेवला.

"नको थांबू, दादा. आहेत ते. चल."

उजेड होता तोवर अस्थी सोडल्या.

दुसरं कुणी ओरडलं असेल, वाऱ्याने आवाज आणला असेल – सगळं जुळवून पाहिलं. ते दोन तोकडे, एक लांब काही कशात बसत नाही. आजही नाही.

नाशिकला परतल्यावर आई पहिल्यांदाच एकटी भाजीला गेली. थोड्या वेळाने खालून, तिच्या बसक्या आवाजात... दोन तोकडे, एक लांब. गल्लीत कुणी हसलं नाही. मी अनवाणीच खाली धावले.