हरकतकाकूंचं मत

आमच्या काकूंनी पहिली हरकत स्वतःच्या लग्नात घेतली. अंतरपाट धरलेला, अक्षता पडताहेत, आणि भटजींनी घाईघाईत मंगलाष्टकांची मधली कडवी गाळून एकदम शेवट गाठला. तेव्हा मुंडावळ्यांमागून चिमुरड्या नवरीचा आवाज आला, "मधले कडवे खाल्ले. माही हरकत हाय." भटजी ओशाळले, मागे जाऊन सगळी कडवी म्हणाले, आणि अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या सोनाजीकाकांना आपल्या पुढच्या आयुष्याची कल्पना आली. निदान काका तरी तसं सांगत. अर्थात काकू घरात नसताना.

मी त्या घरात पुतणसून म्हणून आले तोवर सारं गाव त्यांना हरकतकाकू म्हणायला लागलं होतं. त्यांच्या हरकतीतून कोणी सुटत नसे. देवळात कीर्तन रंगात आलं की बुवांना मधेच थांबवून विचारायच्या, "परवा त्या राजाले दोन राण्या होत्या, आज तीन सांगून राह्यले. मधी लगन कवा केलं त्यानं?" माझ्या पहिल्या स्वयंपाकाला त्यांनी दोन घास खाऊन ताट बाजूला केलं. "सूनबाई, वांग्याच्या भाजीवर माही हरकत हाय." माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "इतली कमी काऊन केली?" काकूंचं कौतुकही असं हरकतीच्या वाटेनेच यायचं.

त्यांचं एक प्रकरण मात्र अवघड होतं. त्या काळी आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसे. इतर बायकांचं निभावून जाई, पण काकूंच्या नवऱ्याचं नाव पडलं सोनाजी. त्यामुळे सोनं म्हणायची सोय राहिली नाही. सोनं म्हणजे ‘पिवळं’, सोनार म्हणजे ‘पिवळं घडवनारा’, आणि दसऱ्याला आपट्याची पानं हातात ठेवताना त्या म्हणत, "पिवळं घ्या, पिवळ्यावानी ऱ्हा." नव्या माणसाला तो कावीळ होण्याचा आशीर्वाद वाटे. हळदीकुंकवाला बायका निदान उखाण्यात नाव घेत. काकू तेही करत नसत. "माह्या घरची गोष्ट तुमाले काऊन आइकवू?" असं म्हणून हळदीचं बोट लावून घेत आणि उठत. काकांना हाक मारायची तर "आइकलं का?" एवढंच. काका गावाखालच्या मळ्यात वांगी-मिरच्या लावत, साखरखेर्ड्याच्या बाजारात नेऊन विकत, आणि कुठेही कोणीही ‘ऐकलं का’ म्हटलं की मान वर करत.

मग तो नवा कायदा आला. नागपूरच्या असेंब्लीसाठी निवडणूक व्हायची होती. ज्याच्या शेताचा सारा ठरलेल्या रकमेच्या वर, त्याला मत होतं, आणि या खेपेला त्याच्या बायकोलाही. आमच्या गावातल्या बायकांच्या वाट्याला हे पहिल्यांदाच येत होतं. पण पाठोपाठ दवंडी आली, की मत द्यायला येणाऱ्या बाईने टेबलापाशी उभं राहून स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं. यादीतल्या नावाशी जुळलं तर मताची चिठ्ठी मिळेल, नाहीतर परत. हा नियम आमच्याच भागापुरता होता की सगळीकडे, ते मला कधी कळलं नाही.

चावडीवर यावरून मोठी खडाजंगी झाली. आमचे विनायकराव मास्तर नियमाच्या बाजूचे. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मागच्या लोकल बोर्डाच्या निवडणुकीत स्मशानात पोचलेली काही माणसं मत देऊन गेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मास्तर म्हणाले, "डोक्यावर पदर ओढलेली बाई. ती कोण, कुणाची, साहेबानं ओळखायचं कसं? एकच बाई दहा वेळा येऊन गेली तर? नाव सांगायला कोणाला मनाई आहे? नियम सगळ्यांना सारखा."

पायरीखाली बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या काकू पुढे झाल्या. "माही हरकत हाय."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "बोला."

"नियम सारका हाय म्हंता. मंग बाप्या मानसाले काऊन नाही इचारत, तुह्या बायकोचं नाव सांग म्हनून?"

"बाप्याला बापाचं नाव विचारतात. बायकोचं कशाला?"

"बरं, साहेब नाही इचारत. मी इचारते. सांगा मास्तर, तुमच्या घरच्या बाईचं नाव काय?"

नवरे तरी कुठे चारचौघांत बायकोचं नाव घेत होते! मास्तर खाकरले, टोपी सारखी केली, समोरच्या लिंबाकडे पाहिलं. "ते... ते वेगळं आहे," म्हणाले.

"काऊन वेगळं?"

मास्तरांचे कान लाल झाले. काकू बायकांकडे वळून म्हणाल्या, "पाह्यलं? चोर धराले जाळं टाकलं, अन् त्यात गावच्या साऱ्या बायका. मेलेले येतात म्हनून जितीले वापस धाडता का बाप्पा?"

लोक हसले, टाळ्याही पडल्या, पण नियम काही चावडीवर बदलणार नव्हता. कोणी तहसिलीत अर्ज दिला, त्याचं उत्तर आलं नाही. बायका आपापसात म्हणायला लागल्या, जाऊ द्या, नसलं मत तर नसलं, आजवर काय अडलं होतं? हे ऐकून काकूंचं डोकं उठलं. त्या घरोघर गेल्या. "उखान्यात तं नाव घेता ना? मंग साहेबाले उखाना सांगा!" मळ्यात, वांग्याच्या वाफ्यांमधे, दुपारच्या वेळी त्यांनी उखाण्यांची शाळाच उघडली. काकू साहेब व्हायच्या, दरडावून विचारायच्या, "नवऱ्याचं नाव?" आणि एकेक बाई पदर दातांत धरून, हसत, लाजत नाव घ्यायची. मी धीट होते, माझं पटकन झालं. कोणाच्या लक्षात आलं नाही, की काकू सगळ्यांकडून नाव घेववतात, स्वतः मात्र घेत नाहीत.

मतदानाच्या दिवशी बैलगाड्या जुंपून आम्ही सगळ्या गेलो. शाळेच्या ओसरीवर बायकांचं वेगळं टेबल होतं, त्यामागे नागपूरकडचे एक तरुण साहेब, कडक इस्त्रीचे. पहिली आमची शेजारीण गेली. साहेबांनी विचारलं आणि ती खणखणीत म्हणाली,

"वांग्याच्या भाजीले कांद्याचा मसाला,
किसनरावाचं नाव सांगतलं, आता पुना इचारता कशाला?"

साहेबांची लेखणी हवेतच राहिली. "बाई, फक्त नाव सांगा."

रांगेतून काकूंचा आवाज आला, "हरकत हाय साहेब. उखान्यात सांगू नये असं लिवलं हाय का कुठी?"

साहेबांनी कागद चाळले. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे चिठ्ठी दिली, आणि मग ओसरीवर उखाण्यांचा पूर लोटला. थोड्या वेळाने साहेबच मान डोलवायला लागले. मास्तरांची बायको पुढे आली तेव्हा पुरुषांच्या रांगेतले मास्तर खांबाआड सरकले. ती म्हणाली,

"रोज शाळेत इसरून येतात नवी कोरी छत्री,
इनायकरावच माहे मालक, करून घ्या खात्री."

साहेब इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. सगळ्यांना पुढे घालून काकू शेवटी उभ्या होत्या. त्यांची पाळी आली.

"नाव?"

"यमुना."

"नवऱ्याचं नाव?"

काकूंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आम्ही म्हटलं, उखाणा आठवत असतील. साहेबांनी पुन्हा विचारलं, आता बरंच मऊ आवाजात. काकूंच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले, ‘सो’ एवढं कानावर आल्यासारखं वाटलं, आणि मग नुसता श्वास. मी मागून कुजबुजले, "काकू, म्हणा ना." पुरुषांच्या बाजूने काका टाचा उंच करून पाहत होते. साहेब म्हणाले, "मावशी, तुम्हीच तर सगळ्यांना आणलंत. घ्या नाव." ते असं म्हणाले खरे, पण ऐकल्याशिवाय चिठ्ठी देणं त्यांच्या हातात नव्हतं. काकूंनी पदर तोंडावर ओढला आणि ओसरी उतरल्या.

संध्याकाळी मास्तर समाचाराला आले. त्यांना बरंच वाटलं असावं, पण तोंड मात्र सांत्वनाचं होतं. "पाहा काकू, उगाच घाबरला होता तुम्ही. एवढ्या बायकांनी मत दिलं. नियमानं अडली ती फक्त एक."

"ते एक म्हंजे मी हावो, मास्तर," काकू म्हणाल्या. "मले तं एक म्हंजे सारीच वाटते."

मास्तर चहा न घेता गेले. काका अंगणात बसले होते. इतर कोणी असता तर मिशीवर ताव देत फिरला असता, बायको माझा किती मान राखते म्हणून. काका म्हणाले, "माह्याच नावानं तुले अडवलं. बदलून घेऊ का नाव?" काकू त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "आता म्हातारपनी बारसं करता का?"

त्यानंतर काही महिन्यांनी मी मळ्यात भाजी तोडायला गेले, तर मिरच्यांच्या ओळीत कोणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं. पाहिलं तर काकू. एका मिरचीच्या झाडासमोर बसून, डोळे मिटून म्हणत होत्या, "सो... सोना... सोना..." पुढचं ‘जी’ अडलं होतं. तेवढ्यात विहिरीकडून काकांचा आवाज आला, "कोन हाय बे? कोनं हाक मारली?" काकूंनी घाईने खुरपं उचललं. "कोनी नाही. पाखरू बोललं." काकांनी मोट थांबवली आणि बराच वेळ त्या पाखराची वाट पाहत उभे राहिले. मी वांगी न तोडताच घरी आले.

पुढे लोकल बोर्डाची निवडणूक लागली. तेच टेबल, साहेब वेगळे, नियम तोच. काकू या खेपेला सगळ्यात पुढे. साहेबांनी विचारायच्या आधीच, उखाणा नाही, काही नाही, शेतातून पलीकडच्या शेतात हाक मारावी तशा आवाजात त्या म्हणाल्या, "सोनाजी!"

आणि पुरुषांच्या रांगेतून तितक्याच मोठ्याने उत्तर आलं, "हाव! आलो!"

काका खरोखरच रांग सोडून निघाले होते. शिपायाने त्यांना धरून परत जागेवर उभं केलं. ओसरीवर असा हशा पिकला की साहेबांनी टेबल बडवलं. काकू चिठ्ठी घेऊन आत गेल्या, मत दिलं, आणि बाहेर आल्या त्या मान ताठ ठेवून. पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, त्या काही पदराखाली झाकल्या गेल्या नाहीत.

त्या दिवशी जेवताना काका ताटात बोट फिरवत हळूच म्हणाले, "अवं, एकडाव अजून म्हन ना."

"एका मतदानाले एकच डाव," काकू म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

तेव्हापासून काका राजकारणात शिरले. म्हणजे असं, की ज्या माणसाला कोण निवडून आलं याचा पत्ता नसायचा, तो दर बाजारी मास्तरांना गाठून विचारू लागला, "पुढचं मतदान कवा हाय?" मास्तर खूश झाले, लोकशाही आता मळ्यापर्यंत पोचली असं सांगत सुटले. पण तिकडे विलायतेकडे मोठी लढाई सुरू झाली, निवडणुका पुढे गेल्या, आणखी पुढे गेल्या. काका बाजारातून आले की भाजीची पाटी खाली ठेवून सांगत, "यंदाही नाही म्हंतात." काकू म्हणत, "नसू द्या." पण एकदा मीच त्यांना मास्तरांच्या बायकोपाशी विचारताना ऐकलं, की ही लढाई कुठवर चालायची, काही कळलं का?

लढाईच्या अखेरीस काकांना ताप लागला, तो उतरेना. देऊळगाव राजाहून वैद्य आणले, औषधं झाली. शेवटी शेवटी ते कोणाला ओळखत नव्हते. मी त्या दिवशी तिथेच होते. दुपार होती, दारातून ऊन आत आलेलं. काकू उशाशी बसल्या होत्या. "आइकलं का?" म्हणून दोनतीनदा बोलावून झालं होतं. काका हलले नव्हते. मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी उठून जाईन असं त्यांना वाटलं असावं, पण मी तिथेच बसून राहिले. त्या खाली वाकल्या आणि काकांच्या कानाशी म्हणाल्या, "सोनाजी."

काकांनी डोळे उघडले. कोरडे ओठ हलले, आणि त्यांनी विचारलं, "आज मतदान हाय का?"

"हाव," काकू म्हणाल्या. "आज दिवसभर हाय."