सोळा घरांची वलांडी

इकडे ये गं बाय, आजीजवळ बस. तो फोन ठेव बाजूला. परवा ऑफिसात डबा उघडलाच नाहीस म्हणे. का, तर आत सुके बोंबील होते. वास येईल, लोक बघतील. एवढी इंजिनीअर झालीस आणि हे शिकलीस? थांब, रागावत नाही. चूक माझीही आहे, हे तुला मी आधीच सांगायला हवं होतं.

अंधेरीच्या इस्टेटीतलं ऑफिस. सत्तरचं दशक संपत आलेलं. मी तिथे कंप्युटरसाठी कार्डं पंच करायची, म्हणजे भोकं पाडून त्यात आकडे भरायची. एका सकाळी साहेबाने मला टेबलासमोर उभं केलं. भोवती सहा जण खुर्च्यांवर. पुढ्यात टाईप केलेला कागद सरकवला. माझ्या निष्काळजी पंचिंगमुळे प्रोग्राम बंद पडला, असं इंग्रजीत लिहिलेलं. खाली माझं नाव, नावापुढे रिकामी जागा. साहेब शेजारच्याला म्हणाला, "मासळीच्या पाटीवरून उचलून मशीनवर बसवलं की दुसरं काय होणार?" मग नाकाला रुमाल लावला. "खिडकी उघडा रे कोणीतरी."

खिडकी उघडीच होती.

सगळे हसले. मी त्या दिवशी साबण दोनदा लावून आले होते. रोज दोनदा लावायची. वेसाव्यातून निघताना केसांना वासाचं तेल, अंगाला पावडर. कोणी पत्ता विचारला तर अंधेरी सांगायची, कोळीवाडा नाही. तू एकटीच नाहीस गं.

सही केली की नोकरी जाणार. वर 'निष्काळजी' हा शब्द कागदावर राहणार, म्हणजे पुढे कोणी दारात उभं करणार नाही. आठवीपर्यंतची शाळा, एक टायपिंगचा क्लास, बाकी सगळं ऑफिसच्या रद्दीतून शिकलेली मी. साहेब लोक प्रोग्रामचे जुने कागद टाकून द्यायचे, ते मी घरी नेऊन वाचायची. 'सी' नावाची भाषा नवीन होती. साहेबाला तिचा भारी अभिमान, तो प्रोग्राम त्यानेच तिच्यात लिहिलेला.

मी म्हटलं, दुपारपर्यंत वेळ द्या.

"दुपारपर्यंत काय, बोंबील सुकवणार?"

पुन्हा हसले.

मी कार्डं घेऊन बसले. काम काय होतं सांगते, तुला तर कळेलच. मशीनच्या पोटात एक आकडा म्हणजे सोळा घरांची ओळ. प्रत्येक घरात एक किंवा शून्य. प्रोग्रामने फक्त एवढंच मोजायचं की एक किती आहेत. उजव्या टोकाचं घर बघ, मोज, अख्खी ओळ एक घर उजवीकडे सरकव, परत बघ. ओळीत सगळी शून्यं झाली की थांब. जुन्या मशीनवर हे धडधड चालायचं. नवं मशीन आणलं, प्रोग्रामच्या त्याच ओळी त्याच्यावर चढवल्या, तर मधेच अडकायचं. थांबायचंच नाही.

चाचणीची सोळा कार्डं. अकरा चालली, पाच अडकली. ती पाच मी वेगळी मांडली आणि बघत बसले. पाचांच्याही डाव्या टोकाला एक. अकरांच्या डाव्या टोकाला शून्य.

आणि मला आमची वलांडी दिसली, बोंबील सुकवायची आडवी दोरी. माझी आय आणि माझी काकी एकाच वलांडीवर बोंबील सुकवायच्या. उजव्या टोकाचे सुकलेले उतरवायचे, बाकीचे उजवीकडे सरकवायचे. आय डाव्या टोकाची जागा मोकळी ठेवायची, म्हणून तिची दोरी रिकामी व्हायची. काकीच्या हाताला मात्र खोड. डाव्या टोकाला बोंबील होता ना, मग सरकवल्यावर तिथे लगेच दुसरा अडकवायचा. आय म्हणायची, "हिची दोरी जन्मात रिकामी होणार नाय."

जुनं मशीन आयसारखं, नवं काकीसारखं. सरकवलं की मोकळ्या घरात जे आधी होतं तेच परत लावायचं. डावीकडे एक असेल तर एकामागून एक, ओळ संपणारच नाही. साहेबाने दोन्ही मशीनं सारखी समजली होती.

जेवणानंतर मी दोन नवी कार्डं पंच केली, सगळ्यांसमोर. पहिल्यावर डावीकडे एक, बाकी पंधरा शून्यं. मोजायचं ते एकच. मशीन अडकलं. दुसऱ्यावर डावीकडे शून्य, बाकी पंधराही एक. पटकन पंधरा छापून आलं.

मी सांगितलं की दर वेळी सरकवल्यावर डावं घर आपल्या हाताने शून्य करा, मग मशीन कुठलंही असो.

साहेबाने विचारलं, "सी तुला कोणी शिकवलं?"

"तुमच्या रद्दीने."

त्याने ती दुरुस्ती लिहून घेतली. तपासणीच्या कागदावर, स्वतःच्या नावाखाली. माझ्या डोळ्यांदेखत. आणि तो सकाळचा कागद परत माझ्याकडे सरकवला. फाईल बंद करायला कोणाची तरी सही लागते म्हणे. नोकरी जाणार नाही, तो बघून घेईल. एवढं गोड तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. शिवीपेक्षा ते जास्त लागलं. म्हणजे चूक कोणाची हे त्याला कळलं होतं, तरी नाव कोळणीचंच हवं होतं.

मी पेन उचललं. टोपण लावलं. टेबलावर ठेवलं.

"चूक तुमच्या ओळीत आहे साहेब. सही तुमची."

महिन्याभरात मला काढलं. कारण लिहिलं नाही, लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. पुढची दोन वर्षं आयबरोबर पाटी घेऊन बाजारात बसले, मग दुसरीकडे पंचिंग मिळालं. तिथे पहिल्याच दिवशी पत्ता सांगितला. वेसावे, कोळीवाडा. साबण एकदाच लावला.

त्या साहेबाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. आणि तुला सांगते, नाक मुरडणारा आपला वास घालवायला बघत नसतो. आपण मान खाली घातली की आपलं काम स्वतःच्या नावावर करायला बघत असतो. तू डबा बंद ठेवलास ना, ती त्याला दिलेली पहिली सही.

आता जा, उशीर होईल. पण महिना लावू नको, येत्या रविवारीच ये. वलांडीवर ओले बोंबील लावायचेत, तुझ्या हाताने लावू. सोमवारचा डबा मीच भरून देईन, घरात आहेत त्या सुक्या बोंबलांचा. झाकण तू उघडायचंस, सगळ्यांच्या मधे बसून.