दोन दारांचा सर्व्हर

"जी बोलत नाय ना, तीच असती असली."

पाण्याच्या फिल्टरपाशी बाटली भरताना मी हे ऐकलं. भिंतीपलीकडे हिशेब बघणाऱ्या ताई टँकरच्या नकाशासमोर बसणाऱ्या काकांना सांगत होत्या. काका म्हणाले, "पण पोरगी चांगल्या घरची दिसती की."

"मग? इंग्लिश मीडियमची हाय. असलं सगळं तिलाच येतं."

ऑफिसात इंग्रजी शाळेतली मी एकटीच होते, आणि न बोलणारीही.

पुंडलिकनगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. गावांना पाणी नेणारे टँकर कुठे आहेत, ते आमच्या पडद्यावर दिसे. दुष्काळाची वर्षं होती. पैठणचं धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र पसरतच चाललेलं. नळ न पोचलेल्या नव्या सोसायट्याही टँकरवरच जगत. पाणी आटलं तसं आमचं काम वाढलं. सरांनी नवी टेबलं आणली, नव्या तारा ओढल्या, नकाशा ज्यावर चालायचा त्या सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

त्यानंतर नकाशा मधेच गोठू लागला. तेवढ्यात एखादा टँकर गावाऐवजी भलतीकडे रिकामा झाला तरी आम्हाला कळणार नव्हतं. त्यातच सरांच्या कॉम्प्युटरवर इशारे येऊ लागले: सर्व्हरच्या पत्त्यावर दोन यंत्रं उत्तर देत आहेत. सरांच्या मते अर्थ सरळ होता. ऑफिसातलंच कोणीतरी सर्व्हरचं सोंग घेतंय आणि टँकरवाल्यांना सामील आहे. स्वतःचा लॅपटॉप मीच आणत असे. "आता बॅगा तपासणार. माणूस सापडला की त्याच दिवशी घरी," सर सगळ्यांना म्हणाले. बघत होते माझ्या बॅगेकडे.

माझा संशय काकांवर होता. नकाशा थांबला रे थांबला की ते मोबाइल घेऊन गच्चीवर जात. एकदा डबा धुण्याच्या निमित्ताने मी जिन्यात थांबले. "आरं, कुठवर आला? दौलताबादच्या फुडं? नकाशा बंद पडलाय, म्हणून इचारतो बाबा." पडदा गोठला की ते एकेका ड्रायव्हरला फोन लावत होते, एवढंच. मी डबा तसाच घेऊन खाली आले.

मग इशाऱ्यातल्या त्या दुसऱ्या यंत्राचा नंबर मी नीट पाहिला. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा नंबर असतो. हा आमच्याच सर्व्हरच्या जुन्या कार्डाचा निघाला. बाहेरचं यंत्र नव्हतंच.

नेटवर्कवर कॉम्प्युटर आधी सगळ्यांना विचारतो, हा पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो आपल्या कार्डाचा नंबर सांगतो. पण सर्व्हरच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, पत्ता घराचा, म्हणजे अख्ख्या सर्व्हरचा मानतो, दाराचा, म्हणजे एकेका कार्डाचा नाही. आमची दोन्ही कार्डं एकाच जाळ्यात होती. नव्या कार्डाचा पत्ता विचारला की जुनंही "मीच" म्हणून ओरडे. टँकरवाल्याने गल्लीत एकाचं नाव पुकारलं की शेजारीपाजारीही "आहेत, आहेत" म्हणतात, तसं. जुन्या कार्डाची तार खिळखिळी झाली होती. त्याचं उत्तर ज्या कॉम्प्युटरने खरं मानलं, त्याचा नकाशा गोठला.

कर्नलमध्ये यासाठी ‘एआरपी इग्नोर’, म्हणजे ‘दुसऱ्याच्या पत्त्याला उत्तर देऊ नको’ अशी सेटिंग असते. तिथे शून्य होतं, मी एक केलं. आता विचारलेला पत्ता ज्या कार्डाचा, त्यानेच बोलायचं. जुनं कार्ड गप्प झालं, इशारे थांबले, नकाशा चालू राहिला.

मी कोणाला काही सांगितलं नाही. मी काही केलेलं नाही हे सांगायचं तर ‘तुमचं बोलणं मी ऐकलं’ इथूनच सुरुवात करावी लागली असती.

शनिवारी सरांनी सगळ्यांना बोलावलं. "थांबलं ना? बॅगा तपासणार म्हणालो आणि लगेच थांबलं!"

"ज्याला कळायचं त्याला कळलं," ताई म्हणाल्या.

काका चहाच्या कपात बघत पुटपुटले, "जाऊ द्या ना सर. लेकरू हाय. चुकतं माणूस."

ताईंचा टोमणा मी गिळला असता. काकांनी मला माफ केलं होतं, ते मात्र घशाखाली उतरेना.

सर माझ्याकडे वळले. "यापुढे लॅपटॉप आणायचा नाही. सर्व्हरचा पासवर्ड आत्ता दे. पुढचं सोमवारी बघू."

पासवर्ड दिला की सर्व्हरला पुन्हा हात लावता येणार नव्हता, हे मला कळत होतं. मी उठले आणि सर्व्हरच्या कीबोर्डपाशी जाऊन उभी राहिले. तिघंही बघत होते.

"पासवर्ड देते, सर. पण आधी तुमचा पडदा इकडे वळवा, इशारा पुन्हा येतो का बघा. काका, नकाशावर लक्ष ठेवा. ताई, माझी बॅग तुम्ही धरा, लॅपटॉप आतच आहे, बंद. मी नीट केलेलं आता परत बिघडवते."