गुरुवारचा मध

मी आयुष्यभर इतक्या थापा मारल्या आहेत, की एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा माझा मलाच भरवसा वाटेना. कोलकात्यात दर गुरुवारी आम्ही पंधरा-वीस मराठी घरं दत्ताच्या भजनाला जमतो. तिथे मला ओळखत नाही असं कोणी नाही. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत मी चौतीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या. पण माझ्या तोंडून ऐकाल, तर पुरात अडकलेल्या निम्म्या गाड्या मीच खांद्याने ढकलून सियालदहला पोचवल्या. हुगळीत मी एकदा पाहिलेला मासा दर वर्षी फूटभर वाढतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं मालतीने, म्हणजे माझ्या बायकोने, वाचून पाहिलं आहे. जिथे माझा हात सैल सुटला तिथे तिने पेन्सिलीने रेघ मारली आणि मीही निमूटपणे खोडलं.

दत्तमहाराजांशीसुद्धा मी असाच वागत आलो, हे सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. मुलाच्या बारावीच्या वेळी रोज हजार जपाचा नवस बोललो होतो. तीनशेला पाय अवघडायचे. उठताना तसबिरीकडे बघून हजार झाले असं म्हणायचो, आणि वर असंही वाटायचं की देवाला कामं पुष्कळ, तो कशाला मोजत बसतो. मालतीचं तसं नाही. ती गुरुवारचा उपास तीस वर्षं करते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी दूध आणि केळं, संध्याकाळी आरतीनंतर जेवण. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी उपास सोडायला सांगितलं. तिने त्यांना हात जोडले. शेवटी तडजोड झाली, की सकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात खिचडी गेलीच पाहिजे. हा नियम तिने कधी मोडला नव्हता. मोडला तो माझ्यामुळे.

आमचा मुलगा सुहास ऑस्ट्रेलियात डार्विनला नोकरी करतो. सून मौसुमी टालीगंजची, बंगाली. मला बाबा म्हणते आणि मालतीला मा. आपल्याकडे आषाढ असतो तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो, म्हणून त्यांनी आम्हाला तेव्हा बोलावलं. उतरल्या उतरल्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ आणले आहेत का, असं एका कार्डावर विचारलं होतं. मी बिनदिक्कत 'नाही'वर खूण केली. मालतीने कार्ड माझ्या हातातून घेतलं, खूण खोडली, 'हो'वर केली आणि अधिकाऱ्यासमोर पिशवी उघडून उभी राहिली. त्याने तुपाची बरणी ठेवून घेतली, साबुदाणा आणि दाण्याचं कूट परत दिलं. मी पुढे सगळ्यांना सांगत होतो, की मी त्याला बोलण्यात गुंगवून साबुदाणा सोडवून आणला.

सुहासने सुट्टी काढली आणि आम्ही चौघं त्याच्या मोठ्या गाडीतून उत्तरेच्या किनाऱ्याने निघालो. ती गावं म्हणजे काय सांगू. एक पंप, एक दुकान, बोटींचा एक धक्का, की संपलं गाव. पुढचं गाव तीन-चारशे किलोमीटरवर. मध्ये लाल माती आणि झाडं, आणि माणूस नाही. समुद्र असा निळा की डोळे दुखावेत, पण त्यात कोणी पाय घालत नाही, कारण मगरी. कोलकात्याच्या एस्प्लनेडच्या गर्दीत चाळीस वर्षं धक्के खाल्लेल्या माणसाला ती शांतता सोसत नाही. मी ती बोलून बोलून भरत होतो. मौसुमी मागून म्हणाली, "बाबा, एकटू थामुन, जरा थांबा. इथले पक्षी पण दमले ऐकून."

त्या गुरुवारी आम्ही पहाटेच निघालो, कारण पुढचा रस्ता कच्चा होता आणि मध्ये नदीची पात्रं ओलांडायची होती. घाईत मालतीने सवयीने गोळी घेतली. खिचडी डब्यात भरून बर्फाच्या पेटीत ठेवली होती. पेटीत दूध, केळी, साखर, आमचं सगळंच खाणं. पंपावर थांबलो की खाते, म्हणाली. पंपावर माश्यांचा असा कहर, की तोंड उघडायची सोय नव्हती. (इथे मी माश्यांची संख्या लिहिली होती. पेन्सिल फिरली.) मग ठरलं, की पुढे सावली बघून लगेच थांबायचं. सुहासने बर्फ भरायला पेटी खाली काढली, भरली, आणि टायरची हवा बघायला जाता जाता मला म्हणाला, "बाबा, तेवढी पेटी मागे ठेवा."

मी तेव्हा पंपावरच्या बाईंना हुगळीतल्या माशाची गोष्ट सांगत होतो. दोन ट्रकवालेही ऐकत उभे होते. असा श्रोता मला किती दिवसांनी मिळाला होता. गोष्ट रंगात आली आणि सुहासने हॉर्न वाजवला. मी धावत जाऊन बसलो.

"पेटी ठेवलीत ना?" त्याने विचारलं.

"ठेवली," मी म्हणालो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मौसुमीने ठेवली असेल असं मनात आलं, एवढंच.

नदी ओलांडून पलीकडच्या सावलीत थांबू, असं म्हणता म्हणता पाऊण तास गेला आणि ती कोरडी नदी लागली. पाणी फक्त लांब एका बाजूला साचलेलं, बाकी सगळी वाळू. मधोमध गाडीची चाकं वाळूत गेली, सुहासने जोर लावला तशी आणखी खाली बसली. फोनला सिग्नल नाही. सुहास उतरून हातांनी वाळू उकरायला लागला. आणि मागच्या सीटवर मालती काहीतरी पुटपुटली. मी वळून पाहिलं, तर चेहरा घामाने निथळत होता आणि हात थरथरत होते. ती मला म्हणाली, "अहो, भाजीवाला आला का?" तिची नजर माझ्यावर होती, पण ती मला बघत नव्हती.

मौसुमीला कळलं. "साखर उतरली आहे. सुहास, पेटी उघड, साखर काढ." सुहासने मागचं दार उघडलं. तिथे पाण्याचे कॅन होते, तंबू होता, बॅगा होत्या. पेटी नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि त्या क्षणीसुद्धा, माझ्या बायकोची शुद्ध हरपत चालली असताना, माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "मी स्वतः ठेवली होती. रस्त्यात दार उघडून पडली असणार." दार पक्कं लावलेलं होतं, आत्ता सुहासनेच तर ते उघडलं होतं. त्याने ते नुसतं परत लावून घेतलं. तो मला एक शब्द टाकून बोलला असता तरी बरं झालं असतं.

गाडीत खाण्यासारखं एकच होतं, मौसुमीचं मुडीचं पाकीट, म्हणजे आपले कुरमुरे. तिने मूठभर भिजवून मालतीच्या तोंडाशी नेले. मालतीने दात आवळले. जे काही भान उरलं होतं त्यात तिला गुरुवार आठवत होता. "उपास आहे गं," ती म्हणाली, आणि मान फिरवली. आम्ही विनवलं, सुहास रागावला, पण दात काही सुटले नाहीत. मग तिने माझा हात चाचपला. "अहो, मला झोप येतेय. पेटी कुठंय?"

मी म्हणालो, "मालती, पेटी पंपावर राहिली. मी ठेवलीच नाही. ठेवली म्हणून खोटं सांगितलं."

सुहासने ऐकलं, मौसुमीने ऐकलं. मालतीने ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तिचा हात ढिला पडला. ती श्वास घेत होती, हाक मारली की पापणी हलत होती, पण बोलणं थांबलं. मला गाडीत बसवेना. उतरलो आणि पात्रातून चालत सुटलो, कुठे ते माहीत नव्हतं. चालता चालता सवयीने नवस बोलायला तोंड उघडलं. सव्वा लाख जप, चार महिने अनवाणी, असलं काहीबाही ओठांवर आलं, आणि तिथेच थांबलं. मला कळून चुकलं, की यातलं काही मी करणार नाही, आणि हे ज्याला सांगतोय त्यालाही ते माहीत आहे. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. वाळूत डोळे मिटून उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो, "महाराज, चूक माझी आहे. मला काही येत नाही. तिला सांभाळा." तीस वर्षांत देवाशी बोललेलं हे माझं पहिलं खरं वाक्य असेल.

डोळे उघडले तर समोर एक कुत्रा उभा होता. तांबूस, हडकुळा, एक कान फाटलेला. त्याच्यामागून दुसरा आला. आणि काठावरून बाईचा आवाज आला, तिच्या इंग्रजीत, खडसावून, "पाण्याकडे जाऊ नकोस. मगर आहे तिथे."

माझ्याच वयाची, तिथलीच मूळनिवासी बाई. फुलाफुलांचा झगा, पायात काही नाही, हातात मासे धरायची दोरी. झाडांमागे ती सकाळपासून बसली होती. आमच्यापासून दोनशे पावलांवर, आणि आम्हाला पत्ता नाही. मी तिला सांगायला गेलो तर शब्द फुटेनात. मी, ज्याला गप्प करायला भजनी मंडळी टाळ वाजवतात, हातवारे करत उभा. "बायको... साखर..." एवढंच जमलं. तिने जास्त विचारलं नाही. वळली, झाडाखालून एक जुना पत्र्याचा डबा उचलला आणि माझ्यापुढे चालायला लागली.

डब्यात मध होता. झाडाच्या ढोलीत अगदी बारक्या, न चावणाऱ्या मधमाश्या तो साठवतात. सकाळीच तिने नातीसाठी पोळं काढलं होतं. काळपट, पातळ, मेणासकट. तिने मालतीशेजारी बसून बोट बुडवलं आणि ते तिच्या ओठांच्या आत, हिरड्यांवर फिरवलं. मला वाटलं आता दात आवळतील. मौसुमी कानाशी वाकून म्हणाली, "मा, मध आहे. उपासाला चालतो." मालतीचे ओठ हलले. तिने चाटलं. पुन्हा बोट, पुन्हा. मग गिळलं. किती वेळ गेला ते मी सांगणार नाही, कारण मी सांगेन ते तिप्पट असेल. सुहास म्हणतो वीस मिनिटं. मालतीने डोळे उघडले, त्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही रडताय कशाला? माणसं बसली आहेत."

ती बाई हसली. म्हणाली, "तुम्ही लोक फार बोलता. गाडी रुतली तेव्हापासून ऐकतेय. माझे मासे पळाले. मग एकदम गप्प झालात, तेव्हा वाटलं, उठून बघावं." नाव विचारलं तर म्हणाली, मला सगळे आंटी म्हणतात. डबा तिने आमच्याकडेच ठेवला. दुपारी तिचा भाऊ आपली गाडी घेऊन तिला न्यायला आला, त्याने साखळी लावून आमची गाडी ओढून काढली आणि पुढच्या वस्तीतल्या दवाखान्यापर्यंत आमच्यापुढे चालला. तिथल्या नर्सने मालतीला तपासलं, खायला घातलं आणि आम्हा तिघांना खरमरीत सुनावलं. निघताना सुहासने आंटीला काही द्यायचा प्रयत्न केला. तिने मान हलवली. मग तिचं लक्ष मुडीच्या पाकिटाकडे गेलं. चार दाणे तोंडात टाकून बघितले आणि पाकीट काखेत मारून ती गेली. कुत्रे उडी मारून तिच्या मागे गाडीत चढले.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर सुहास माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही आईला खरं सांगितलंत ना, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. वाटलं, बाबा खरं बोलतायत म्हणजे काही खरं नाही." मला हसू आलं. माझ्या मुलाने मला असं ओळखलं होतं.

कोलकात्याला परतल्यावर गुरुवारी भजनानंतर मी हे सगळं सांगितलं. मंडळी ऐकत होती, पण चेहऱ्यावर नेहमीचं हसू होतं, मासा कधी येतो याची वाट बघितल्यासारखं. मी मगर दिसली असं सांगितलं नाही, कारण दिसली नव्हती. सांगून झालं तेव्हा आमचे कुलकर्णी, सत्तरी ओलांडलेले, भाविक माणूस, पुढे सरकले. डोळे भरून आले होते. दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "कुत्रे चार होते ना हो?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. तसबिरीत महाराजांच्या पायाशी चार श्वान. एक शब्द बोललो असतो तर त्यांचं मन भरलं असतं, आणि खोटं बोलल्याचं पापही मला फारसं वाटलं नसतं. मालती कोपऱ्यात प्रसादाची ताटली घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"दोन," मी म्हणालो. "एकाचा कान फाटलेला होता."

कुलकर्णींनी मान डोलावली. म्हणाले, "दोन पुरेत."

आंटी कोण होती, याचा काथ्याकूट मी करत नाही. ती मासे धरायला आलेली बाई होती, तिच्या डब्यात मध होता, आणि आम्ही तिथे पोचायच्या आधीपासून ती तिथे बसलेली होती. माझी हाक ऐकून कोणी धावून आलं असं मला म्हणवत नाही. मदत दोनशे पावलांवर होती, मी गप्प झालो तेव्हा ती दिसली. एवढंच मला ठाऊक आहे, आणि एवढ्यासाठी मी उरलेलं आयुष्य त्या दोघांपुढे, देवापुढे आणि त्या बाईपुढे, मान वाकवून राहीन.

मालतीचा उपास डॉक्टरांनी यावेळी बंदच केला. तिच्या वाट्याचा गुरुवार आता मी धरतो. मी काही मोठा तपस्वी नाही. अकरा वाजताच पोटात कावळे ओरडायला लागतात. पूर्वीचा मी असतो तर लोकांना सांगितलं असतं, मला भूक म्हणून लागत नाही, महाराजांची कृपा. आता तसबिरीसमोर बसतो, जेवढा जमतो तेवढा जप करतो, आणि उठताना जेवढा झाला तेवढाच सांगतो. बहुतेक वेळा आकडा दोनशेच्या आसपास असतो. मग म्हणतो, महाराज, भूक लागली आहे, पाय दुखतायत, पण मालती आत भाजी निवडते आहे, तिच्या बांगड्या ऐकू येतात. आणखी मागायला मला काही सुचत नाही.