टेबलफॅनची युक्ती

आमच्या आईला घरगुती युक्त्या सांगायची भारी हौस. काळाचौकीला आमच्या मजल्यावर कुणाची डाळ खारट झाली की हाक आईलाच यायची. मग ती सांगायची, डाळीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाक, आणि नवरा जास्त झाला तर माहेरी जा. मी हे फोनवर रेकॉर्ड करून माझ्या मैत्रिणीला पाठवायचे. शाळेपासूनची मैत्रीण, लग्नानंतर दादरला राहायला गेलेली. आईच्या हातचे घावणे तिने माझ्याइतकेच खाल्ले होते.

तिचे वडील गेले तेव्हा ती फार खचली होती. फोन उचलायची नाही, पण आईच्या रेकॉर्डिंगला न चुकता उत्तर द्यायची. म्हणून मी जास्तच पाठवू लागले.

एकदा आईने मला स्वतःच्या झोपेबद्दल सांगितलं. माझे बाबा जोरात घोरायचे. ते गेल्यावर घर इतकं शांत झालं की तिचा डोळाच लागेना. मग तिने माळ्यावरचा जुना टेबलफॅन काढला. त्याची पाती जाळीला घासून खरखरायची. तो उशाशी लावला की तिला झोप लागायची. "थंडीतपण लावतंय," ती हसत म्हणाली, आणि हसता हसता मध्येच थांबली. ते थांबणंही रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं. मी ते मैत्रिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, की ऐकून पोटभर रडले, बरं वाटलं.

पुढे मामेभावाच्या लग्नासाठी मी आणि आई हिंदमाताला साड्या घ्यायला गेलो. आई नेहमीसारखी दुकानातल्या मुलीला सुती साडीचा रंग जाऊ नये म्हणून काय करायचं ते समजावत होती. मुलगी साडी उलगडता उलगडता थांबली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या फोनवरच्या टिपवाल्या आजी ना? मी आवाजावरून ओळखलं."

आईला काहीच कळेना. मुलीने कौतुकाने फोन काढून दाखवला. एक पान होतं, गमती आणि उपयोगी टिपांचं. तिथे बटाटा होता, नवरा होता, सगळं आईच्याच आवाजात. मग मुलीने आपलं सगळ्यात आवडतं लावलं. वर लिहिलं होतं, 'झोप येत नाही? आजींचा जालीम उपाय'. खाली घोरणाऱ्या मांजराचं चित्र. आई जिथे हसता हसता थांबली होती, तिथे बऱ्याच लोकांच्या हसण्याचा आवाज भरला होता.

आईने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग समोरची साडी हाताने नीट घडी करून मुलीकडे दिली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

बसस्टॉपवर तिने आमची बस सोडून दिली. मग म्हणाली, "माका कित्या सांगूक नाय गो?"

मी सांगितलं की हे माझं काम नाही, मी फक्त मैत्रिणीला पाठवलं होतं. आईने मान हलवली. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही.

मी त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी गेले. ती दार उघडून हसली, आणि माझा चेहरा बघून दारातून बाजूला झाली. हे पान तिचंच होतं, तिने नाकारलं नाही. वडील गेल्यावर मन रमवायला सुरू केलं, म्हणाली. मला सांगणारच होती. आईचं नाव कुठेच टाकलेलं नव्हतं, आणि लोक किती चांगलं लिहितात ते मी एकदा वाचून बघावं असं तिचं म्हणणं होतं.

"ते हसणं कुणी घातलं?" मी विचारलं.

"अगं, त्याशिवाय कुणी ऐकत नाही," ती म्हणाली. "आणि पाठवलंस तर तूच ना?"

"तुला पाठवलं होतं. तू रडलीस म्हणालीस."

"रडले होते," ती म्हणाली. ते खरं असावं, आणि तेच मला जास्त लागलं. तिने चहाचं विचारलं. मी नको म्हणून खाली उतरले.

मी निघण्याआधी तिने माझ्यादेखत सगळं काढून टाकलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात शीवच्या काकूने घरच्या ग्रुपवर तोच टेबलफॅन टाकला, कुणीतरी पुढे ढकललेला. काकूने आवाज ओळखला नव्हता. खाली सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. आईही त्या ग्रुपमध्ये आहे.

मैत्रिणीशी मी त्यानंतर बोललेले नाही. आईने तिचा विषय एकदाच काढला, तिच्या आईची तब्येत कशी आहे म्हणून. माझ्यावर आई कधी रागावली नाही. जेवायला वाढते, ऑफिसचं विचारते. परवा रविवारी मी घरी आले तेव्हा ती गॅलरीत शेजारच्या काकींना काहीतरी रंगवून सांगत होती, काकी हसून हसून कठड्याला टेकल्या होत्या. माझ्या हातात फोन होता. आईने तो पाहिला आणि मधेच बोलणं थांबवून मला विचारलं, चहा टाकू का.