स्टिअरिंगवरचं बोट

त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. फिरत फिरत मी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पोचले होते आणि तिथल्या एका हॉटेलात तीन महिन्यांसाठी खोल्या आवरायचं काम धरलं होतं. गाव म्हणजे पंधरा घरं आणि एका गाडीपुरता रस्ता. सकाळी मी चालत कामाला निघाले की समोरून टपालाची लाल व्हॅन यायची.

चालवणारा साठीचा, लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेला. मला पाहिलं की स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचा, चेहरा मख्ख. आमच्या पुण्यात असं बोट दम द्यायलाच उचलतात. चुकीच्या बाजूनं चालतेय असं वाटून मी बाजू बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट! मग मी थेट गवतातच उतरायला लागले. बूट रोज ओले. दहाव्या दिवशी ठरवलं, बास झालं, लंडनमधल्या क्रॉयडनला मैत्रिणीकडे परत जायचं.

त्याच दुपारी तो हॉटेलात टपाल द्यायला आला. मी रडवेली होऊन विचारलं, “रोज माझ्यावर बोट उगारता, माझं चुकतं तरी काय?”

त्यानं हातातलं टपाल खाली ठेवलं. “अगं, मी हॅलो म्हणतो. इथे सगळे असंच म्हणतात.” मग टोपी काढून हळूच म्हणाला, “तू गवतात पळायचीस. मला वाटलं, तुला माझी भीती वाटते. बायकोलासुद्धा सांगितलं मी.”

माझा जीव भांड्यात पडला. इतकी हसले, की हातातल्या चादरी खाली पडल्या.

दुसऱ्या सकाळी व्हॅन दिसताच मीच आधी बोट वर केलं. त्यानं चक्क अख्खा हात उचलला.